जुन्या बॉक्स ट्रकला स्लीपर बसवायचाय? आधी वजन बघा, मग गादी

एल्कहार्टकर

नमस्कार मंडळी. हल्ली अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक बेत सारखा दिसतो. भाड्याच्या कंपनीने विकायला काढलेला २६ फुटी बॉक्स ट्रक (मागे बंद पेटीसारखी बॉडी असलेला) घ्यायचा, पुढे झोपायची सोय करायची आणि नवराबायकोने किंवा दोघा मित्रांनी मिळून एक्स्पिडायटेड म्हणजे तातडीचा माल न्यायचा. बेत चांगला आहे. मी उत्तर इंडियानात हेच काम करतो, चॅसीवर (ट्रकच्या खालच्या सांगाड्यावर) स्लीपर, म्हणजे केबिनच्या मागची झोपायची खोली, बसवायचं, त्यामुळे बेताला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. पण बहुतेक जण सुरुवात करतात गादी, फ्रिज आणि मायक्रोवेव्हपासून, आणि वजन, लांबी, अ‍ॅक्सल हे सगळं शेवटी बघतात, मग हातात असा ट्रक येतो की ज्यात झोप मस्त लागते पण माल घेता येत नाही. तसं कुणाचं होऊ नये म्हणून लिहितोय.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांचा साठा फार ठेवत नाहीत, माल वेळेवर आला नाही की अख्खी लाइन थांबते. अशा वेळी एकाच गिऱ्हाइकाचा माल एका ट्रकमध्ये भरून थेट दारात नेऊन द्यायचा, मध्ये कुठे उतरवायचा नाही, दुसऱ्याचा माल मिसळायचा नाही. ओहायो आणि मिशिगनच्या पट्ट्यात हा धंदा वाढला तो यामुळेच. आता औषधं, विमानांचे भाग, प्रदर्शनांचं सामान असलंही बरंच असतं.

इथे स्लीपर ही चैन नाही, धंदा त्याच्यावरच उभा आहे. फेडरल नियमाने एक ड्रायव्हर ११ तास चालवू शकतो, तेही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, आणि मग सलग १० तास विश्रांती. म्हणजे एकटा माणूस लारेडोहून निघाला तर डेट्रॉइटला पोचेपर्यंत मध्ये ट्रक थांबणारच. दोघं असतील आणि स्लीपर नियमात बसणारा असेल तर एक चालवतो तेव्हा दुसऱ्याचा वेळ लॉगमध्ये (ड्रायव्हरच्या तासांच्या नोंदीत) स्लीपर म्हणून धरला जातो आणि ट्रक थांबत नाही. स्लीपर नियमात बसत नसेल तर तो शेजारचा माणूस कागदावर विश्रांती घेतच नसतो, मग टीम असून उपयोग काय? म्हणून माझं म्हणणं एवढंच की चालत्या ट्रकमध्ये दुसरा माणूस खरोखर झोपला पाहिजे आणि तरीही मागे पुरेसा माल बसला पाहिजे, बाकी सगळ्या सोयी त्यानंतर.

गार्डनस्टेट

छान धागा. एक बेसिक शंका. बॉक्सच्या आतच पुढच्या सहा फुटात प्लायवूडची भिंत घालून बेड केला तर? केबिन कापायची नाही, वेगळा स्लीपर विकत घ्यायचा नाही, खर्च एकदम कमी. माझ्या एका ओळखीच्याने व्हॅनमध्ये असंच केलंय.

एल्कहार्टकर

गार्डनस्टेट, हे मात्र कृपा करून करू नका, यावर मी जरा जोर देऊन बोलणार.

बॉक्सच्या जागेत बर्थ करायला पूर्ण बंदी नाहीये. पण फेडरल नियमांचं कलम ३९३.७६ सांगतं की तो मालाच्या जागेपासून पक्का वेगळा हवा, केबिनला लागून हवा आणि बर्थमधून ड्रायव्हरच्या जागेत थेट जाता आलं पाहिजे. ते तोंड कमीत कमी १८ इंच उंच आणि ३६ इंच रुंद. म्हणजे केबिनची पाठ कापणं काही चुकत नाही. बर्थ किमान ७५ इंच लांब, २४ इंच रुंद आणि गादीच्या वर २४ इंच मोकळी उंची. शिवाय हवा खेळती हवी, एक्झॉस्टचा धूर, त्याची उष्णता आणि डिझेलची गळती यांपासून बचाव हवा, आणि ब्रेक लागल्यावर झोपलेला माणूस पुढे फेकला जाऊ नये म्हणून जाळी किंवा पट्टे हवेत जे ६,००० पौंडांचा जोर सहन करतील. प्लायवूडला चार स्क्रू मारून हा जोर पेलत नाही.

नियम बाजूला ठेवा. बंद बॉक्स, बाहेरून कडी, आत झोपलेला माणूस, खाली एक्झॉस्ट, मागे बांधलेले हजारो पौंड. ड्रायव्हरला हाक मारायची सोय नाही. आपल्या घरचं माणूस तिथे झोपवाल का?

पुणेरी_चॅसी

मी पुण्यात ट्रकच्या केबिनचं डिझाइन करतो, नोकरी आहे म्हणून कंपनीचं नाव नको. केबिन कापण्याबद्दल एक भर घालतो.

केबिनची मागची भिंत नुसता पत्रा नसते, तिच्यामुळे केबिन पिळली जात नाही. ती कापली की तोंडाच्या चारही बाजूंना चौकट बसवून ताकद परत द्यावी लागते, नाहीतर काही दिवसांनी दरवाजे नीट लागत नाहीत, काचेच्या कोपऱ्यात तडा जातो. दुसरं म्हणजे केबिन स्वतःच्या माउंटवर हलते आणि स्लीपर चॅसीवर वेगळा बसतो, दोघांची हालचाल वेगळी, म्हणून मध्ये रबरी भाता लागतो, बसच्या दोन डब्यांमध्ये असतो तसा. हा भाता स्वस्तातला घेतला की पावसात पाणी आणि थंडीत वारा थेट गादीवर.

आणि चॅसीबद्दल. तिच्या लांब रेल्स (लोखंडी तुळया) बऱ्याचदा हीट ट्रीटेड असतात, त्यांच्या वरच्या खालच्या फ्लॅंजला (आडव्या कडेला) भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर मनाने अजिबात करायचं नाही. भोक घ्यायचं ते मधल्या उभ्या भागात, तेही बॉडी बांधणाऱ्यांसाठीच्या कंपनीच्या पुस्तकात दिलंय तिथे. वेल्डिंग करावंच लागलं कुठे तर आधी बॅटरी तोडायची, कंप्युटरचे कनेक्टर काढायचे.

एल्कहार्टकर

अगदी बरोबर. पुणेरी_चॅसी यांनी लिहिलं तेच आमच्या दुकानात रोज सांगतो.

आता लांबीचा हिशोब सांगतो कारण त्यातच लोक अडकतात. बऱ्याच राज्यांत स्ट्रेट ट्रकची (ट्रेलर नसलेला, केबिन आणि बॉक्स एकाच चॅसीवर असलेला) लांबी ४० फुटांपर्यंत चालते. समजा ट्रक फ्रेटलायनर एम-२ १०६ आहे. त्या १०६ चा अर्थच असा की बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत १०६ इंच. त्यात ७२ इंची स्लीपर आणि आजूबाजूची फट मिळून ७६ धरा. मागे २४ फुटी बॉक्स म्हणजे २८८ इंच. बेरीज ४७० इंच, ३९ फूट २ इंच. बसलं, पण मागे लिफ्टगेट (माल वरखाली करणारी फळी) लावला की ४० च्या बाहेर जाण्याची शक्यता आहे. म्हणजे १०० इंचाचा मोठा स्लीपर हवा असेल तर बॉक्स लहान करायलाच लागतो.

बॉक्स किती कापायचा ते पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) ठरवतात, ग्रुपवर कुणी सांगितलेला आकडा नाही. नेहमीचं पॅलेट ४८ बाय ४० इंच. ४८ ची बाजू लांबीत ठेवून दोन रांगा लावल्या तर आतून २६ फुटात १२ बसतात आणि २४ फुटातही १२ च. २२ फुटात १० आणि २० फुटातही १०. म्हणजे २६ चा २२ केला तर दोन पॅलेट गेले आणि २० च्या मानाने हातात काहीच आलं नाही, ते दोन फूट स्लीपरला दिले असते तर बरं झालं असतं. आतली लांबी मोजा हां, बाहेरची नाही.

टोलनाका

पॅलेटमध्ये एक युक्ती आहे. एक रांग ४८ लांबीत आणि दुसरी रांग आडवी फिरवून ४० लांबीत लावायची. रुंदीला ४८ अधिक ४० म्हणजे ८८ इंच, आरामात बसतं. मग २० फुटात एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ६, एकूण ११. २४ फुटात १३. डॉकवर (माल चढवायच्या धक्क्यावर) फोर्कलिफ्टवाल्याला नीट सांगावं लागतं एवढंच.

आता माझा प्रश्न वजनाचा. सीडीएल (मोठ्या ट्रकचं व्यावसायिक लायसन्स) नको म्हणून सगळे मालासकट २६,००० पौंड मर्यादेचाच ट्रक शोधतात. त्यात स्लीपर टाकून माल किती उरतो?

एल्कहार्टकर

टोलनाका, या प्रश्नाचीच वाट बघत होतो.

२६,००० पौंडांपर्यंतच्या ट्रकला सीडीएल लागत नाही, २६,००१ पासून लागतं. मेडिकल कार्ड, लॉग वगैरे मात्र १०,००१ पासूनच लागू, त्यामुळे सीडीएल नाही म्हणजे नियम नाहीत असं समजू नका. भाड्याचा २६ फुटी ट्रक साधारण १०,००० पौंड माल नेतो. सगळ्या सामानासकट स्लीपर सहज २,००० पौंडांच्या घरात जातो. जनरेटर, दुसरा माणूस, दोघांचं सामान, पाणी यांचे आणखी हजारेक. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंड, डिझेल सात, वीस गॅलन पाण्याची टाकी म्हणजे तिथेच एकशे सत्तर गेले. बॉक्स कापला त्याचे काहीशे परत मिळतात. एवढं करून हातात आठ हजारांच्या आत उरतं.

३३,००० पौंडवाल्या ट्रकवर हेच सगळं करून बारा तेरा हजार नेता येतात, आणि बऱ्याच कंपन्या मोठ्या स्ट्रेट ट्रककडून तेवढीच अपेक्षा धरतात. ३३,००० हा आकडा उगाच नाहीये, त्याच्या वर गेलं की नव्या ट्रकच्या पहिल्या विक्रीवर १२ टक्के फेडरल एक्साइज टॅक्स लागतो, म्हणून बनवणारे तिथे थांबतात. माझं स्पष्ट मत आहे की दोघांनाही पूर्णवेळ हाच धंदा करायचा असेल तर सीडीएल काढा आणि ३३,००० चा चॅसी शोधा. हलका माल, छोटे पल्ले, वर्षातले काही महिने असा विचार असेल तर २६,००० चालेल.

गार्डनस्टेट

प्लायवूडचा विचार सोडला, धन्यवाद. पण मी वाचलं होतं की एपीयू (मोठं इंजिन बंद असताना वीज देणारं छोटं इंजिन) बसवला तर ५५० पौंड जास्त वजन चालतं?

एल्कहार्टकर

ते ५५० पौंड रस्त्यावरच्या वजनमर्यादेसाठी आहेत, म्हणजे ८०,००० पौंडवाल्या मोठ्या ट्रकला काट्यावर सूट, तीही राज्य देईल तिथे. तुमच्या ट्रकच्या दारावर जो जीव्हीडब्ल्यूआरचा (मालासकट कमाल वजनाचा) स्टिकर आहे तो त्याने वाढत नाही. जाड स्प्रिंग किंवा मोठे टायर लावूनही वाढत नाही.

सुखदा_ओंटारियो

मी आणि नवरा टीम चालवतो, आमचा ट्रक तयार स्लीपरचाच घेतलेला आहे. चालत्या ट्रकमध्ये झोपणाऱ्या बाईच्या बाजूने दोन शब्द लिहिते कारण असले धागे बहुतेक पुरुषच लिहितात.

झोप लागणं सर्वात जास्त आवाजावर आणि खालीवर होण्यावर आहे. स्लीपर दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये असतो हे बरं, मागच्या चाकांवर झोप अशक्य झाली असती. त्यात एअर राइड सस्पेन्शन असेल तर फार फरक पडतो, त्यात पैसे वाचवू नका. जनरेटर बेडच्या खाली किंवा उशाशी नको. केबिन आणि बर्थच्या मध्ये जाड पडदा हवा म्हणजे रात्री चालवणाऱ्याच्या डॅशबोर्डचा उजेड येत नाही आणि दिवसा झोपणाऱ्याला अंधार मिळतो. जाळी रोज लावायची, कंटाळा आला तरी, आडव्या बेडवर जोराच्या ब्रेकला माणूस गादीसकट सरकतो.

आणि मायक्रोवेव्हच्या आधी टॉयलेटचा विचार करा. साधं कॅसेट टॉयलेट चालतं, पण हवंच. रात्री तीन वाजता ट्रक स्टॉप भरलेले असतात, माल उतरवायला कारखान्याच्या गेटबाहेर तासन् तास थांबावं लागतं, तिथे बायकांनी काय करायचं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पाणी कमी प्यायचं ही सवय लावून घेतात बऱ्याच जणी आणि मग त्रास होतो.

थंडीसाठी डिझेलवर चालणारा छोटा हीटर घ्या, तासाला पाव लिटरच्या आत डिझेल खातो आणि इंजिन चालू ठेवावं लागत नाही. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ५ मिनिटांच्या वर इंजिन नुसतं चालू ठेवलं तर दंड होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ लावाच.

कॅनडातल्या मंडळींसाठी एक: ओंटारियोत साधं जी लायसन्स ११,००० किलोपर्यंतच आहे. २६,००० पौंड म्हणजे जवळपास ११,८०० किलो. त्यामुळे तिकडे सीडीएलशिवाय चालणारा ट्रक इकडे डी लायसन्स मागतो, एअर ब्रेक असतील तर झेड पण. इथे स्ट्रेट ट्रकची लांबी साडेबारा मीटर चालते. आणि टीमला बर्थमधले ८ तास तोडून घेता येतात पण प्रत्येक तुकडा किमान ४ तासांचा हवा.

एल्कहार्टकर

सुखदाताई, हा प्रतिसाद मी दुकानात छापून लावणार आहे. टॉयलेटची जागा सुरुवातीच्या आराखड्यातच धरली पाहिजे, नंतर कोंबता येत नाही, बाहेर रिकामं करायला छोटं दार द्यावं लागतं.

तुम्ही तासांचा उल्लेख केलात म्हणून अमेरिकेतलं सांगतो. इकडे २०२० च्या सप्टेंबरपासून १० तास विश्रांती ७ आणि ३ अशी तोडता येते, ७ तास मात्र सलग आणि बर्थमध्येच हवेत. टीममध्ये त्या सातच्या आधी किंवा नंतर ३ तासांपर्यंत चालत्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसूनही काढता येतात. जेवणं, गप्पा, घरी फोन त्यात होतात. म्हणून शेजारची सीट पण चांगली घ्या.

कराडचा_गडी

मी आपला इकडे कराडला, तीन गाड्या आहेत, पुणे-बंगळुरू लाइनला. वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईट पण वाटलं.

आपल्याकडे अजूनही बरेच जण काऊल चॅसी घेतात, म्हणजे पुढचं तोंड आणि इंजिन, बाकी केबिन सकट सगळं बॉडीवाला बांधतो. त्यामुळे सीटच्या मागे फळी टाकून झोपायची जागा करणं आपल्याला नवीन नाही. पण त्या फळीला माप कुणी विचारत नाही, जाळी तर ऐकलीच नव्हती. नोव्हेंबर २०२५ पर्यंत कायदा होता, मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट १९६१ चा, दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८, पण गाडीवर कुठे दिसायचा तो. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केली ते चांगलं झालं. उन्हाळ्यात दुपारी केबिनमध्ये माणूस झोपूच शकत नव्हता, आणि रात्री त्यालाच चालवायचं असायचं.

आता पार्सलवाले दोन ड्रायव्हर ठेवायला लागलेत. मी पुढची गाडी घेताना बर्थ ७५ इंच लांब बांधून घेणार, माझा एक ड्रायव्हर सहा फुटी आहे, तो आजवर पाय दुमडूनच झोपलाय.

पुणेरी_चॅसी

कराडकर, बांधायच्या आधीच बॉडीवाल्याकडून मापं लिहून घ्या. गाडी पासिंग झाल्यावर केबिनमध्ये मोठा बदल केला तर मोटर व्हेइकल अ‍ॅक्टचं कलम ५२ येतं, आरटीओच्या परवानगीशिवाय आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही. आणि फळीखाली बॅटरी किंवा जॅक असेल तर तो बांधून ठेवायला जागा करा, ब्रेकला तेच आधी उडतं.

टोलनाका

एल्कहार्टकर, मी एक ट्रक बघून ठेवलाय, २६ फुटी, लिफ्टगेट नाही. काट्यावर नेऊन वजन करून घेतलं. टाकी भरलेली, मी आत. पुढे ७,१००, मागे ८,७००. स्टिकरवर पुढचा अ‍ॅक्सल ८,०००, मागचा १९,०००, एकूण २६,०००. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २६० इंच. पुढच्या अ‍ॅक्सलपासून केबिनची पाठ ६६ इंच. ७२ इंची स्लीपर डोक्यात आहे, बॉक्स २० फूट करायचा आणि मागची बाजू आहे तिथेच ठेवायची. घेऊ का?

एल्कहार्टकर

वा, असे आकडे आले की बोलायला मजा येते. मांडतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

स्लीपर २,००० पौंड धरा. त्याचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे साधारण १०४ इंचांवर येतो, केबिनची पाठ ६६, दोन इंच फट आणि निम्मा स्लीपर ३६. मागच्या अ‍ॅक्सलवर जाणारा वाटा २,००० गुणिले १०४ भागिले २६०, म्हणजे ८००. पुढे १,२००. बॉक्सचे पुढचे सहा फूट कापले त्याचे समजा ८०० पौंड कमी झाले, ते पण जवळपास त्याच जागी होते, म्हणून पुढचे ४७५ आणि मागचे ३२५ सुटले.

पुढे झाले ७,८२५. मागे ९,१७५. एकूण १७,०००.

एकूण वजनात अजून ९,००० शिल्लक दिसतात आणि तिथेच माणूस फसतो. पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ८,००० आहे, म्हणजे फक्त १७५ पौंड उरले आणि अजून दुसरा माणूस बसलेला नाही, जनरेटर नाही, पाणी नाही, कपाटात डबे नाहीत. माल पुढे ढकलत नाही ही एक बरी गोष्ट आहे, तुमच्या २० फुटी बॉक्सचा मध्य जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवरच येतो, पण डॉकवाल्याने जड पॅलेट पुढे लावलं की तेवढ्यानेही तुम्ही वर जाल. बॉक्स मागे सरकवून पुढचं वजन कमी करू असं कुणी सुचवेल, तसं करू नका, मागे लोंबता भाग वाढला की भरलेल्या ट्रकचं स्टिअरिंग हलकं पडतं, ओल्या रस्त्यावर ते वाईट.

व्हीलबेस वाढवणं हा उपाय आहे, पण मग ड्राइव्हशाफ्टला आणखी एक तुकडा, मधलं बेअरिंग, जोडांचे कोन, ब्रेकच्या लाइन, वायरिंग सगळं आलं, आणि पुढचा अ‍ॅक्सल तरीही ८,००० चाच राहतो.

म्हणून हा ट्रक स्लीपरसाठी नको. याच मॉडेलमध्ये पुढे १०,००० चा अ‍ॅक्सल असलेले ट्रक मिळतात, दिसायला तंतोतंत सारखे, फरक दारावरच्या स्टिकरवर कळतो. तो शोधा. विक्रेत्याकडून आधी फक्त स्टिकरचा फोटो मागवा, ट्रकचे फोटो नंतर.

टोलनाका

समजलं. टोलेडोजवळ एक अजून आहे, जाहिरातीत अ‍ॅक्सलचं काही लिहिलेलं नाही. स्टिकर मागवतो.

गार्डनस्टेट

मी पण हाच हिशोब माझ्या डोक्यातल्या ट्रकला लावून बघतोय. स्लीपर जुना घेतला तर चालतो का, म्हणजे भंगारात गेलेल्या ट्रकचा?

एल्कहार्टकर

चालतो, आम्ही बसवतोही. बघताना खालची फ्रेम गंजलेली आहे का, खालच्या फळ्या ओल्या होऊन फुगल्यात का आणि जाळीचे हूक मूळ जागी पक्के आहेत का हे बघा. केबिनकडचं तोंड तुमच्या केबिनच्या मापाशी जुळतं का तेही, नाहीतर भाता बसत नाही. विमेवाल्याला ट्रकची किंमत लिहून देताना स्लीपर धरून लिहा. आणि उचलायच्या आधी त्याचं वजन करून घ्या, मालक सांगतो तो आकडा धरू नका.